नळ का खाकरतो?

दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिले की ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीत दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच तक्रार असते. गच्चीवरची टाकी भरली, तरी नळ नुसता खाकरतो. थंडीत फजरच्या वजूला आई-वडिलांना गरम पाणी हवे असते आणि गीझरच्या नळाला थेंब नसतो. अशा वेळी पाइपात हवा अडकली आहे का, हे आधी पाहावे, असे आम्ही सुचवतो.

टाकी रिकामी झाली की पाइपांत हवा शिरते. पाणी परतले की ती वरच्या वळणांत कोंडते. वरच्या मजल्यावर हा त्रास जास्त. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी नळापासून ३ मीटरच उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. एवढ्याने हवा सहज हटत नाही.

आधी गीझरचे बटण बंद करावे. गरम-थंड सगळे नळ उघडून खाली बादल्या ठेवाव्यात. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. नळ फुसफुसेल, थुंकेल. धार सलग झाली की एकेक नळ बंद करावा. गरम नळाला सलग धार येईपर्यंत गीझर लावू नये. एलिमेंट कोरडे तापले तर जळते. एवढे करूनही पाणी आले नाही, तर प्लंबरला बोलवावे.

त्रास वारंवार होत असेल, तर सोसायटीने गच्चीवर जाऊन पाहावे. टाकीतून उतरणाऱ्या पाइपाला हवेची उभी नळी असावी, तिचे तोंड पाण्याच्या पातळीहून उंच आणि उघडे असावे. डासांसाठी जाळी लावावी, बूच मारू नये.

विलायतेतल्या आपल्या कोकणी नातेवाइकांनाही हे काम ओळखीचे आहे. तिथे खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरचा वरचा भाग थंड राहिला, की छोट्या चावीने आतली हवा सोडतात आणि मग यंत्रणेचा दाब तपासतात.

आपल्या गीझरलाही दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर गेले, तर सुमारे ३०० मिलिलिटर वाढते. म्हणून तापताना व्हॉल्व्हमधून थोडे पाणी ठिबकते. ती गळती समजून काही जण तिथे बूच बसवतात. तसे कधीही करू नये. थर्मोस्टॅटही बिघडला, तर कोंडलेल्या दाबाने टाकी फुटू शकते, आणि तिच्याखाली आपलेच मूल अंघोळ करत असते. ठिबक थांबतच नसेल, तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.