साथीच्या काळातला चिखल

तीन वर्षांच्या मुलाला सांगून बघा: ओल्या कणकेत हात घाल, पण ते हात तोंडाकडे नेऊ नकोस. शेजारच्या ताईचा गोळा घेऊ नकोस. नाक खाजलं तरी हात लावू नकोस. जमेल? आता अशी आठ-दहा मुलं एकाच टेबलाभोवती बसली आहेत आणि बाहेर एका नव्याकोऱ्या विषाणूची साथ चालू आहे, असं समजा.

इंग्लंडमधल्या नर्सऱ्यांपुढे 2020 साली नेमकं हेच कोडं होतं. मार्चमध्ये तिथे टाळेबंदी झाली तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची आणि विशेष गरज असलेली मुलं तेवढी येत राहिली. मग 1 जूनपासून नर्सऱ्या सर्वांसाठी उघडल्या. या नर्सऱ्यांचा जीव ज्यात आहे, त्याला तिथे ‘मेसी प्ले’ म्हणतात. म्हणजे काय? तर वाळूचा हौद, पाण्याचा टब, प्ले-डोचे गोळे, फेसाचे डोंगर, शिजवून रंगवलेल्या शेवया आणि अंगणात जुनी पातेली, डाव मांडून थाटलेलं चिखलाचं स्वयंपाकघर. यातला बराचसा पसारा एका मोठ्या, काळ्या, अष्टकोनी ट्रेमध्ये मांडतात. हा टफ ट्रे मुळात गवंड्यांचा. सिमेंट-वाळू कालवायला बनवलेला. कुणा हुशार शिक्षिकेच्या नजरेस तो पडला असावा आणि बांधकामावरून थेट बालवाडीत आला!

साथीत यातलं सगळंच बंद झालं असेल, असं वाटतं ना? गंमत पुढेच आहे. सरकारी सूचनांनी कपाटात पाठवले ते टेडी बेअर आणि धुवायला अवघड असलेली खेळणी. वाळू, चिखल आणि पाण्याला मात्र सरसकट बंदी घातली नाही. खेळण्याआधी आणि खेळून झाल्यावर मुलांनी हात स्वच्छ धुवायचे, साहित्य साफ करायचं किंवा बदलायचं, एवढं जमत असेल तर खेळू द्या. म्हणजे स्वच्छ, गुबगुबीत अस्वल घरात कैद आणि चिखल अंगणात मोकळा. असं कसं?

हे समजायला आधी बोटांकडे पाहू. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अतिशय बारीक सुरकुत्या असलेले पृष्ठभाग तयार केले आणि लोकांना डोळ्यांनी न बघता त्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. गुळगुळीत कोणता आणि सुरकुतलेला कोणता, हे माणसांना अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांपर्यंत ओळखता आलं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कोरोनाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा असतो. त्याच्याहून कितीतरी लहान उंचसखलपणा आपलं बोट घर्षणातल्या सूक्ष्म फरकावरून टिपतं! विषाणू बोटाला जाणवत नाही, हे खरं. पण असलं अचाट यंत्र प्रत्येक मुलाच्या दहाही बोटांवर बसवलेलं आहे. मुलाला ते चालवून बघायचं असतं. ओली वाळू, कोरडी वाळू, शेवाळलेला दगड, गार पाणी, बुळबुळीत फेस हा त्याचा अभ्यास असतो.

कॉर्नफ्लोर थोड्या पाण्यात कालवून दाखवा. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ सोडली की ओघळ. दाब पडला की स्टार्चचे कण एकमेकांना अडतात आणि पाण्याला वाट मिळेनाशी होते. दाब गेला की कण पुन्हा मोकळे. चार वर्षांचा मुलगा हे पंधरा मिनिटं करत बसतो, कारण त्याच्या हातात एकाच वेळी दगडही आहे आणि पाणीही आहे. हे त्याच्यापासून वर्षभर काढून घ्यायचं? बालपणातलं एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा!

पण विषाणूचं काय करायचं? त्याचं उत्तर नळाखाली आहे. तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं कधी निघालंय? हा विषाणूही त्या भांड्यासारखाच तुपकट. त्याच्या आतला जनुकीय मजकूर चरबीच्या एका पातळ वेष्टनात गुंडाळलेला असतो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं चरबीकडे. चरबीकडे धावणारी टोकं त्या वेष्टनात घुसतात आणि ते उसवून टाकतात. पाण्याकडे ओढणारी टोकं ते तुकडे घेऊन वाहून जातात. वेष्टन फुटलेला विषाणू कुणाला लागण करू शकत नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा लस शोधत असताना, हजारो वर्षं माणसाच्या घरात असलेली वस्तू बेसिनपाशी हे काम चोख करत होती. फक्त तिला वेळ हवा: निदान वीस सेकंद. ‘हॅपी बर्थडे’ दोनदा म्हणायला लागतात तेवढे. वाढदिवस कुणाचाही नसताना इंग्लंडच्या नर्सऱ्यांत हे गाणं दिवसभर ऐकू येऊ लागलं, ते यामुळे.

इथे अनेक मोठ्या माणसांची चूक व्हायची. हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले की झालं, असं त्यांना वाटायचं. चिखलानं किंवा पिठानं बरबटलेल्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. अल्कोहोल त्या थरातच अडकतं. ब्लीचचंही तेच. त्यातलं क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय मळावर आपली ताकद खर्च करून टाकतं. चिखल अक्षरशः ब्लीच खातो! म्हणून ट्रे असो की फावडं, आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, मग लागलंच तर जंतुनाशक. क्रम उलटा केला की दोन्ही मेहनती वाया.

आणि मग कुणीतरी साबणालाच खेळ बनवलं. टबात कोमट पाणी, भरपूर फेस आणि त्यात प्लॅस्टिकचे प्राणी ‘आंघोळीला’. मुलं तासभर खेळतात, तेवढ्यात हातही धुतले जातात, खेळणीही. पाण्यावर मिरपूड भुरभुरवून साबणाचं बोट बुडवायचा प्रयोगही त्या वर्षी घरोघर झाला. बोट टेकताच मिरपूड थरकन कडेला पळते. ती साबणाला घाबरून पळत नाही. साबणानं पाण्याचा पृष्ठताण एका जागी कमी होतो आणि कडेचं पाणी वरचा थर आपल्याकडे खेचून घेतं. पण ‘हात का धुवायचे’ हे मुलांना पटवायला इतका झटपट पुरावा दुसरा नाही.

आता प्ले-डोची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात कुटोल नावाची कंपनी होती. कोळशाच्या शेगड्यांमुळे भिंतींवरच्या कागदावर काजळी बसायची. ती टिपून घेणारी एक मऊ कणीक ही कंपनी 1930 च्या दशकापासून विकत असे. पुढे घरोघर तेल, गॅस आणि वीज आली, काजळी गेली, धंदा बसला. कंपनीतल्या जो मॅकव्हिकरची नातेवाईक के झुफॉल ही बालवाडी चालवायची. तिनं ती कणीक आपल्या मुलांच्या हातात दिली, मुलं रमली आणि 1956 च्या सुमारास तीच कणीक प्ले-डो या नावानं बाजारात आली. जगातला सर्वात प्रसिद्ध पसारा जन्माला आला तो साफसफाईच्या सामानातून!

घरच्या किंवा नर्सरीतल्या कणकेत मैद्याच्या निम्मं मीठ घालतात. का? लोणच्यात घालतात त्याच कारणानं. मीठ पाणी धरून ठेवतं, जंतूंना वाढायला पाणी उरत नाही, म्हणून ती कणीक आठवडे टिकते. पण विषाणू कणकेत वाढतच नाही. त्याला ना पाणी हवं, ना अन्न. तो नुसता पडून राहतो आणि पुढच्या हाताची वाट बघतो. म्हणजे इतकी वर्षं भरवशाचं असलेलं मीठ इथे कामाचं नव्हतं.

नर्सऱ्यांना याची थोडी सवय होतीच. उलट्या-जुलाबांची साथ आली की वाळू, पाणी, कणीक थांबवायची, हा तिथला जुना नियम. पण तो चार-आठ दिवसांचा. ही साथ तर संपायचं नाव घेत नव्हती. मग शिक्षिकांनी जे केलं ते इतकं साधं आहे की त्यातली कल्पकता पटकन दिसत नाही. त्यांनी खेळ तोडला नाही. खेळाचा ढीग तोडला. प्रत्येक मुलाची झाकणाची डबी, डबीवर नाव, आत त्याचा एकट्याचा गोळा. मोठ्या टबाऐवजी छोटं भांडं. रोजचा घोळ रोज फेकायचा. मुलांचे छोटे, कायमचे गट केले आणि एका गटाचं साहित्य दुसऱ्याकडे जाण्याआधी धुतलं किंवा काही दिवस बाजूला ठेवलं. धोका चिखलात नव्हता, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यात होता, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

काहींनी रंग झिपच्या पिशवीत बंद करून पिशवी खिडकीला चिकटवली. मुलं वरून बोटं फिरवत. दिसायला छान, पण मला तो तोडगा अर्धाच वाटतो. वरचं प्लॅस्टिक सगळीकडे सारखंच लागणार. बोटांच्या वाट्याला काय आलं?

साथीचं पहिलं वर्ष सरता सरता आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. मार्च 2020 मध्ये प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांनी सगळ्यांना घाबरवलं होतं: प्लॅस्टिकवर हा विषाणू तीन दिवसांपर्यंत सापडत होता. पण सापडणं आणि लागण होणं यात फार अंतर असतं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं म्हटलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. विषाणू मुख्यतः हवेतून जात होता. बंद खोलीतल्या श्वासांतून, बोलण्यातून, गाण्यातून. मग संपूर्ण नर्सरीत सर्वात सुरक्षित जागा कोणती? उघड्या आभाळाखालचं चिखलाचं स्वयंपाकघर! सगळ्यात बरबटलेला कोपराच सगळ्यात निर्धोक.

हे शंभर वर्षांपूर्वी एका बाईला कळलं होतं. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन आणि तिची बहीण रेचल मुलांसाठी दवाखाना चालवत. मुलं बरी होऊन घरी जात आणि काही आठवड्यांत तोच आजार घेऊन परत येत. कोंदट खोल्या, क्षयरोग, मुडदूस. औषधानं हे थांबणार नाही हे ओळखून 1914 मध्ये दोघींनी बालवाडी काढली, तीही बागेत. एका बाजूनं सताड उघडे आसरे, फुलझाडं, भाज्यांचे वाफे आणि मुलांनी हवं ते उकरावं म्हणून दगडधोंड्यांचा, मोडक्या सामानाचा ढीगही. आणि त्याच बालवाडीत आंघोळीची चोख व्यवस्था. मुलाला न्हाऊ घालणं आणि मातीत सोडणं हे मार्गारेटच्या लेखी एकाच कामाचे दोन भाग होते.

मातीत सोडल्यानं शरीरात काय होतं? ऐन साथीत, ऑक्टोबर 2020 मध्ये, फिनलंडमधल्या संशोधकांनी याचं उत्तर छापलं. त्यांनी शहरी पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली जमीन आणून अंथरली. गवत, खुरटी झुडपं, शेवाळासकट. तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात रोज खेळली, रोपं लावली. या आणि इतर पाळणाघरांतली मिळून 75 मुलं अभ्यासात होती. फक्त 28 दिवसांत जंगलाच्या जमिनीवर खेळलेल्या मुलांच्या त्वचेवर अधिक तऱ्हांचे जीवाणू दिसू लागले आणि रक्तात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या घटकांमध्ये चांगल्या दिशेचा बदल दिसला. अठ्ठावीस दिवस! एका अंगणानं हे केलं.

म्हणजे सगळे जंतू एका तराजूत तोलायचे नाहीत. अंगणातली माती वेगळी आणि मांजरानं घाण केलेली वाळू वेगळी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो, म्हणून वाळूच्या हौदाला रात्री झाकण हवंच. ते साथ असताना आणि नसतानाही.

मातीतून शिकणं आपल्यालाही नवं नाही. आपल्याकडे 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं आणि अनुताई वाघांच्या साथीनं आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, पानं, शिंपले, माती यांतून बालशिक्षण घडवलं. मातीची आपल्याला वाण कधीच नव्हती. कमी पडतं ते पाणी आणि साबण. तेव्हा मुलाला बालवाडीत घालायला जाल, तर भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी विचारा, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर नळ आहे का, तिथे साबण आहे का, आणि अंगणात माती कुठे आहे. तिन्ही नसतील तर ती मागा.