कार्बाईन कुठे स्वस्त, अबुधाबीत की पुण्यात?

मोबाइल असो की फ्रीज, आपण आधी ऑनलाइन भाव बघतो आणि मग चौकातल्या दुकानदाराला विचारतो, "यात किती कमी कराल?" बंदुकीच्या बाबतीत ही सवय कामाची नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर मुळीच नाही. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं तिथे गंभीर गुन्हा आहे. दुबई-शारजात राहणाऱ्या मराठी माणसाने इंटरनेटवर बंदुकीची चौकशी करण्याआधी वकिलाची करावी. भारतातही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना आधी आणि दुकान नंतर.

तरीही अमिरातीत बंदुकांचा मोठा बाजार भरतो, फक्त तिथलं गिऱ्हाईक वेगळं असतं. अबुधाबीत १९९३ पासून दर दोन वर्षांनी 'आयडेक्स' हे संरक्षण प्रदर्शन होतं आणि देशोदेशीच्या सैन्यांचे अधिकारी तिथे माल पाहत फिरतात. याच अबुधाबीतली 'काराकल' ही कंपनी पिस्तुलं आणि रायफली बनवते. आपल्या लष्कराने या कंपनीकडून ९३,८९५ कार्बाईन घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. सगळ्यांत कमी भाव तिचाच निघाला होता. पण माल आला नाही. काही वर्षांनी त्याच कामासाठीची, चौपटीहून मोठी ऑर्डर निघाली आणि तिचा मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जला मिळाला. सरकार बंदुकीचा भाव कसा काढतं आणि सर्वांत कमी भाव सांगणाराही हात हलवत परत का जातो, हे या प्रकरणातून नीट कळतं.

कार्बाईन म्हणजे आखूड नळीची रायफल. घरात शिरताना, जिन्यावर किंवा गाडीतून उतरताना लांब नळी आडवी येते, म्हणून जवळच्या चकमकीसाठी हे शस्त्र. आपल्याकडे अनेक दशकं ९ मिमीची जुनी कार्बाईन चालली. तिची रचना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या ब्रिटिश 'स्टर्लिंग'ची आणि ती बनायची कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत. लष्कराला तिच्या जागी ५.५६ × ४५ मिमी काडतुसाची कार्बाईन हवी होती. भावाची गोष्ट इथूनच सुरू होते. 'इन्सास' रायफलीत हेच काडतूस चालतं, त्यामुळे त्याचे कारखाने, साठे आणि वाहतूक सगळं आधीपासून उभं आहे. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. तिने याआधी एक कार्बाईन बनवली होती, पण ती ५.५६ × ३० मिमीची होती. काडतुसाची लांबी पंधरा मिलिमीटरने बदलली की गोळ्यांची वेगळी साखळी उभी करावी लागते, आणि तो खर्च बंदुकीच्या किमतीच्या चिठ्ठीवर कुठेच दिसत नाही.

सरकारी खरेदीची सुरुवात कागदापासून होते. शस्त्राचं वजन किती, मारा किती अंतरावर, धूळ-चिखल-बर्फात ते किती वेळा अडलं तर चालेल, हे लष्कर आधी लिहून काढतं. मग संरक्षण खरेदी परिषद 'गरज मान्य' असा शिक्का मारते आणि खरेदीचा वर्ग ठरवते. सामान्य वाचकाच्या नजरेतून हीच पायरी सुटते, आणि माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागलेला असतो. 'बाय ग्लोबल' म्हटलं की जगातली कुठलीही कंपनी येऊ शकते. 'बाय इंडियन-आयडीडीएम' म्हटलं की रचना, विकास आणि उत्पादन तिन्ही भारतीय हवं. २०२० च्या खरेदी नियमावलीनुसार या वर्गात किमतीतला किमान निम्मा वाटा देशी लागतो. बाहेरून आणणं स्वस्त की इथे घेणं, हा प्रश्न लिफाफे उघडल्यावर सुटतो असं आपल्याला वाटतं, पण वर्ग ठरला त्या दिवशी बाजाराचं दार किती उघडायचं ते ठरून गेलेलं असतं.

पुढे निविदा निघते आणि कंपन्या दोन भागांत प्रस्ताव देतात, एक तांत्रिक आणि दुसरा किमतीचा. किमतीचा लिफाफा बंदच राहतो. आधी तांत्रिक कागद तपासतात, मग प्रत्यक्ष शस्त्र मागवून वाळवंटात, थंडीत, पावसात त्याच्या चाचण्या घेतात. चाचणीचा खर्च कंपनीने करायचा आणि चाचणी झाली म्हणून सरकारने काही विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. या चाळणीतून जे उरतात, त्यांचेच किमतीचे लिफाफे उघडतात. सगळ्यांत कमी भाव सांगणारा 'एल-वन', त्याच्या वरचा 'एल-टू'. घासाघीस करायची तर फक्त एल-वनशी. "समोरचा इतक्याला देतोय, तू किती कमी करतोस?" असं दुसऱ्या-तिसऱ्याला विचारत फिरणं नियमात बसत नाही. बाजारात भाव पाडायचा आपला हातखंडा प्रयोग सरकारला वर्ज्य आहे.

मग भाव पडतो कसा? स्पर्धेमुळे. दुसरा किती लिहील हे माहीत नसल्याने प्रत्येक जण पहिल्याच लिफाफ्यात खाली येतो. शिवाय लिफाफे उघडण्याआधी वाटाघाट समिती रास्त किमतीचा स्वतःचा अंदाज लिहून ठेवते, म्हणजे आलेला आकडा कशाशी ताडायचा हे तिला आधीच ठाऊक असतं. ही पद्धत दोन स्पर्धक असले तर चालते. एकच उरला तर कोलमडते. कार्बाईनच्या बाबतीत ते आधी घडलेलंच होतं. २०१० नंतरच्या निविदेत ४४,६१८ कार्बाईन घ्यायच्या होत्या. चाचण्यांअखेर एकट्या आयडब्ल्यूआय या इस्रायली कंपनीची कार्बाईन टिकली आणि काही वर्षं घोळ घालून २०१६ मध्ये निविदाच रद्द झाली. ती कार्बाईन महाग असेल किंवा नसेलही. तुलनेला दुसरी नसल्याने ते ठरवता येत नव्हतं.

म्हणून जानेवारी २०१८ मध्ये जलदगती मार्ग धरला गेला. तातडीच्या गरजेसाठी नेहमीच्या पायऱ्या छोट्या करणारी ही वाट. संरक्षण खरेदी परिषदेने ७२,४०० रायफली आणि ९३,८९५ कार्बाईन यांसाठी मिळून ३,५४७ कोटी रुपये मंजूर केले. भागाकार केला तर एका शस्त्रामागे सरासरी दोन लाख तेरा हजारांच्या आसपास येतात. हा वरचा अंदाज होता. वर्षभराने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, रायफलींचा करार अमेरिकेच्या सिग सॉअरशी झाला तेव्हा एका रायफलीची किंमत लाखाच्या आत बसली. मंजूर रक्कम ही किंमत नसते, हे अशा बातम्या वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

कार्बाईनच्या शर्यतीत शेवटी थेल्स या कंपनीची एफ-९० आणि काराकलची सीएआर-८१६ उरल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये काराकल एल-वन ठरली.

परदेशी भाव रुपयात कसा आणतात, हा भाग मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. किमतीचा लिफाफा ज्या दिवशी उघडतो, त्या दिवसाचा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या पार्लमेंट स्ट्रीट शाखेचा विनिमय दर धरायचा, असा नियम आहे. म्हणजे अबुधाबीतला भाव संसद मार्गावरच्या एका बँकेच्या फळ्यावर ठरतो. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून तिथल्या कंपनीने डॉलरमध्ये भाव दिला तर तिला कसली धास्ती नाही. धास्ती आपल्याला. २०१८ च्या जानेवारीत डॉलर सुमारे ६४ रुपयांना होता आणि ऑक्टोबरमध्ये ७४ रुपयांवर गेला. हजार डॉलरची वस्तू, कंपनीने एक छदामही न वाढवता, नऊ-दहा महिन्यांत दहा हजार रुपयांनी महागली. पुण्याच्या कंपनीने रुपयांत दिलेल्या भावाला हे पंख नसतात. 

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या दुकानांच्या संकेतस्थळांवर सीएआर-८१६ ची नागरी आवृत्ती आणि तिची किंमत दिसते. ती एकेरी गोळीबाराची, लांब नळीची आणि किरकोळ विक्रीची. त्या आकड्यावरून लष्कराने किती द्यायला हवं होतं याचा हिशेब मांडणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. लष्कराच्या भावात सुटे भाग, दुरुस्तीची अवजारं, प्रशिक्षण, पुस्तिका, तपासणी सगळं असतं. लग्नाच्या हॉलचं भाडं कमी म्हणून बुक करावं आणि मग जनरेटर, मांडव, केटरर त्यांचाच घ्यावा लागावा, तसा प्रकार. खरं बिल शेवटच्या ओळीत असतं. म्हणूनच एल-वन काढताना निव्वळ बंदुकीची नव्हे, निविदेत मागितलेल्या सगळ्या साहित्याची बेरीज धरतात.

एल-वन ठरूनही काराकलचा करार झाला नाही. २०१९ गेलं, २०२० उजाडलं. त्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात चीनशी चकमक झाली आणि ९ ऑगस्टला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी आयातबंदीसाठी १०१ वस्तूंची पहिली यादी जाहीर केली. काराकलने भारतातच उत्पादन करायची तयारी दाखवली, पण सप्टेंबरमध्ये सरकारने ही खरेदी बाजूला ठेवली. तातडी म्हणून जी वाट धरली होती, तिच्यावर दोन वर्षं नुसतं उभं राहण्यात गेली. भाव योग्य की अयोग्य याची चर्चा भरपूर झाली, पण या उशिराची किंमत कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. जवानाच्या हातात तोवर ९ मिमीची जुनीच कार्बाईन होती.

पुढचा डाव वेगळ्या वर्गात मांडला गेला. जुलै २०२२ मध्ये परिषदेने सुमारे चार लाख कार्बाईनना मान्यता दिली आणि या वेळी शिक्का होता 'आयडीडीएम'चा. अबुधाबीचं दार बंद झालं. आता स्पर्धा भारतीय कंपन्यांत होती. पुन्हा चाचण्या झाल्या, लिफाफे उघडले आणि २०२५ च्या मध्यावर भारत फोर्ज एल-वन ठरली. तिची कार्बाईन पाषाणच्या त्याच एआरडीईच्या रचनेवर बेतलेली, म्हणजे आरेखन पाषाणचं आणि कंपनी मुंढव्याची. दुसरा क्रमांक आला अदानी समूहाच्या पीएलआर सिस्टिम्सचा. तिचा कारखाना ग्वाल्हेरजवळ मालनपूरला आणि भागीदार इस्रायलची आयडब्ल्यूआय. २०१६ मध्ये एकटी उरली म्हणून जिला घरी जावं लागलं, तीच कंपनी भारतीय भागीदारासह परत आली होती.

ही निविदा विभागून द्यायची होती, साठ टक्के एल-वनला आणि चाळीस टक्के एल-टूला. पण एल-टूला आपला भाव मिळत नाही. त्याने एल-वनच्या भावाला माल द्यायला 'हो' म्हटलं तरच वाटा. ३० डिसेंबर २०२५ ला करार झाले: ४,२५,२१३ कार्बाईन, सोबतच्या साहित्यासह २,७७० कोटी रुपये. त्यातल्या २,५५,१२८ कार्बाईन भारत फोर्जच्या, सुमारे १,६६२ कोटींच्या. भागून पाहा. एकूण रकमेला एकूण संख्येने भागा किंवा भारत फोर्जच्या रकमेला तिच्या संख्येने, दोन्हीकडे एका कार्बाईनचे साधारण ६५,१०० रुपये येतात. पीएलआरने भाव जुळवला तो असा आकड्यांत दिसतो. दोन कारखान्यांना काम दिल्याने एक अडला तरी दुसरा चालू राहतो, आणि भाव मात्र एकच, कमीतला.

पासष्ट हजारांत पुणे अबुधाबीपेक्षा स्वस्त पडलं का? संख्या चौपटीहून जास्त, मधे सात वर्षं, रुपया घसरलेला, साहित्याची यादीही तीच नाही. दोन भाव शेजारी मांडायचे तर दोघांना प्रश्न एकच विचारलेला असावा लागतो. इथे २०१८ चा प्रश्न होता 'लवकर कोण देईल?' आणि २०२२ चा होता 'इथे रचलेलं कोण देईल?' २०१८ ला पुण्याला तयार माल दाखवता आला नसता आणि २०२२ ला अबुधाबीला दारात उभं राहता आलं नाही. दोघं एकाच रांगेत कधी आलेच नाहीत.

काराकल मात्र बाजार सोडून गेलेली नाही. हैदराबादच्या आयकॉम या मेघा समूहातल्या कंपनीबरोबर तिने भागीदारी केली आणि २०२५ मध्ये तिथे दोघांच्या नावाचा लहान शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. पुढच्या निविदेत ती परदेशी विक्रेती म्हणून नव्हे, तेलंगणातल्या उत्पादकाची भागीदार म्हणून येईल. तेव्हा मंत्रालय विचारेल ते उत्पादन कुठे होतं एवढंच नव्हे. आरेखनाचा हक्क कुणाकडे आहे, नळीचं पोलाद कुठलं, आणि अबुधाबीने उद्या हात आखडता घेतला तर हैदराबादला एकट्याने कार्बाईन बनवता येईल का, हेही विचारलं जाईल.