पासवर्ड विसरलात? या, बसा!

अमेरिकेत एमएस करणारी आपली मुलं तिकडे काम काय करतात, असं एखाद्या मावशीला विचारून बघा. ‘युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचं काहीतरी!’ असं छातीठोक उत्तर येईल. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते ‘काहीतरी’ म्हणजे हेल्पडेस्क. एफ-वन व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. मग लायब्ररी, कॅन्टीन नाहीतर हेल्पडेस्क! २००६ ते २००८ अशी दोन वर्षं मीही तिथल्या एका युनिव्हर्सिटीत या खुर्चीवर काढली. एसी, फुकट कॉफी आणि माणसांचे नमुने अनलिमिटेड.

सीझन ऑगस्टचा. नवी मुलं लॅपटॉप काखोटीला मारून रांगेत उभी. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही’ ही तक्रार नंबर वन. आपल्या देसी मुलांच्या बाबतीत मी आधी स्क्रीनचा कोपरा बघायचे. बाहेर दुपारचे तीन आणि लॅपटॉपवर मध्यरात्र उलटलेली. घरी आई झोपली असेल की जागी, हे कळावं म्हणून पोरांनी टाइम झोन तसाच ठेवून घड्याळाचे काटेच भारतावर फिरवलेले! आमची लॉगिन सिस्टिम होती कर्बेरॉस. तिचं गणित असं, की पासवर्ड नेटवर्कवरून कधी जातच नाही, त्याऐवजी ठरावीक तासांचं एक ‘तिकीट’ मिळतं. तिकिटावर वेळेचा शिक्का असतो. त्यामुळे तुमचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यात साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, की दार बंद. घड्याळ सरळ केलं की काम फत्ते. वर ‘ताई, दुसरं घड्याळ कुठे लावायचं?’ हा प्रश्न असायचाच.

हे कर्बेरॉस प्रकरण कॅम्पसवरच जन्मलेलं. १९८३ साली एमआयटीने डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांना बरोबर घेऊन ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला. विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनसमोर बसावं आणि त्याच्या फाइल्स त्याला तिथे दिसाव्यात, हा फंडा. आज ऐकायला किरकोळ वाटतं. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव घेतलेला हा राखणदार त्यातूनच आला. पुढे विंडोज २००० पासून ऑफिसांच्या डोमेन लॉगिनमध्येही तोच बसला. म्हणजे ऑफिसात सकाळी लॉगिन करताना तुम्हीही बहुतेक त्याच कुत्र्याला बिस्किट टाकता!

पण सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. सांगलीची एक पीएचडीवाली ताई एका शुक्रवारी काउंटरवर आली ती रडवेली होऊन. व्हायव्हा झालेला, कमिटीने एका चॅप्टरमध्ये दुरुस्त्या सांगितलेल्या. पण त्या सेमिस्टरची नोंदणी नसल्यामुळे अकाउंट बंद! चार वर्षांचा सर्व्हेचा डेटा युनिव्हर्सिटीच्या ड्राइव्हवर. बंद अकाउंटच्या फाइल्स ३० दिवस ठेवायच्या आणि मग पुसायच्या, हा तिथला नियम. तिचा तो सव्विसावा दिवस. शिवाय एसपीएसएसचं लायसन्सही युनिव्हर्सिटीचं, म्हणजे फाइल हातात आली तरी उघडणार कशाने?

आम्हा पार्टटायमरांच्या हातात पासवर्ड बदलण्यापलीकडे काही नव्हतं. पण नियमांच्या फाइलमध्ये ‘स्पॉन्सर्ड अकाउंट’ नावाची एक सोय होती: डिपार्टमेंटने जबाबदारी घेतली, तर बाहेरच्या माणसालाही तात्पुरतं अकाउंट. गाइड परदेशात फील्डवर्कला, मेलला उत्तर नाही. शेवटी डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाईंना मंजुरीचे अधिकार आहेत हे कळलं आणि सोमवारी ताईचं अकाउंट चालू झालं. तिने पहिलं काम काय केलं असेल? सगळा डेटा साध्या सीएसव्हीत काढून दोन पेनड्राइव्हवर घेतला. एक पर्समध्ये, एक मैत्रिणीकडे.

हे पुराण आज कशाला, असं विचाराल. तर कॉलेजचा ईमेल ‘लाइफटाइम’ आहे म्हणून निवांत बसलेले तुमच्याआमच्यात भरपूर आहेत. गूगलने २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची अमर्यादित स्टोरेज बंद करायचं जाहीर केलं. २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी हा पाया धरला गेला. विद्यार्थी, प्रोफेसर आणि पास होऊन गेलेले, सगळे त्यातच! मग अनेक युनिव्हर्सिटींनी माजी विद्यार्थ्यांची जागा कापली किंवा अकाउंटच बंद केली.

तेव्हा या वीकेंडला एक तास काढा. बँक, डिमॅट, लिंक्डइन, कुठेकुठे कॉलेजचा आयडी दिलाय ते शोधून बदला. संस्थेने मुभा ठेवली असेल तर गूगल टेकआउटने मेल आणि फाइल्स उतरवून घ्या. एसपीएसएसच्या जुन्या फाइल्स फुकटच्या पीएसपीपीमध्ये किंवा आर मध्ये उघडतात, बिनधास्त वापरा. आर शिकायचं टेन्शन असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात फुकटच्या सॉफ्टवेअरचे धडे आहेत, त्यातले कित्येक चक्क मराठीतून. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनला कॅम्पसच्या दिवसांतला जुना मोबाइल नंबर असेल, तर तो सगळ्यात आधी बदला. नाहीतर ओटीपी जाईल भलत्याच्याच फोनवर!