पेढीवरचा वेळ जातो कुठे?

व्यापारी बंधू एकत्र जमले की एक तक्रार हमखास ऐकू येते. "सकाळी दहाला दुकान उघडतो, रात्री दहाला बंद करतो, तरी काम संपत नाही. मुलाबाळांशी दोन शब्द बोलायला फुरसत नाही." हीच तक्रार मीही वीस-पंचवीस वर्षे करीत होतो. कापडाच्या धंद्यात काम भरपूर आहे, हे खरे. परंतु आपला वेळ कामात जातो की शोधाशोधीत, हे आपण कधी तपासून पाहत नाही.

एक साधा हिशेब करू. बिल्टी सापडत नाही, मागवाल्याची चिठ्ठी कुठे ठेवली ते आठवत नाही, दलालाने फोनवर सांगितलेला भाव लिहून घेतलेला नाही. अशा शोधात दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे गेली असे धरा. ४० मिनिटे झाली. महिन्याच्या २६ दिवसांत १,०४० मिनिटे, म्हणजे सतरा तासांहून अधिक. पेढीचा जवळजवळ दीड दिवस विनाकारण खर्ची पडला. तो आपण घरच्यांच्या वाट्यातून काढतो.

केवळ वेळच जातो असेही नाही. काही वर्षांपूर्वी एक मागवाले गुरुवारी पैशांसाठी पेढीवर आले. दुसऱ्या दिवशी माग बंद, म्हणून त्यांना मजुरांचा हप्ता त्याच संध्याकाळी द्यायचा होता. रक्कम १८,४०० रुपये. मी म्हणालो, "पैसे तर दिलेले आहेत." ते म्हणाले, "सेठ, मिळाले असते तर पुन्हा मागायला आलो नसतो." शब्दाने शब्द वाढला आणि ते रिकाम्या हाताने परतले. आठ दिवसांनी दुसऱ्याच फाइलमध्ये चिठ्ठी सापडली. मी पैसे त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला दिले होते आणि वहीत चढवले नव्हते. घरी जाऊन मी माफी मागितली, पैसे दिले. त्यांनी चहा पाजला, परंतु त्यानंतर त्यांचे कापड माझ्या पेढीवर आले नाही. इमानदार माणसाला मी खोटे ठरवले होते, आणि त्याचे कारण बेइमानी नव्हते, आळस होता.

दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण जाणतोच (सूरह बकरा, आयत २८२). व्यवहार लहान असो वा मोठा, तो मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी ताकीद तिथे आहे. आपण ती आयत वाचतो आणि दुकानात येऊन हिशेब डोक्यात ठेवतो!

त्या प्रसंगानंतर मी काही नियम लावून घेतले. ते असे :

पहिला, रोजमेळ एकच आणि जागा एकच. पैसे हातातून सुटण्याआधी नाव, बापाचे नाव, रक्कम आणि तारीख लिहायची. खिशात चिठ्ठी ठेवायची नाही.

दुसरा, ऑर्डर फोनवर आली तर तागे, मीटर, भाव आणि मुदत या चार गोष्टी लगेच लिहून समोरच्याला व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. त्याचा होकार आला की पुढचा वाद मिटला.

तिसरा, दिवसाची वाटणी नमाजच्या वेळांवर करायची. जोहरपूर्वी बिले आणि माल रवाना करणे, जोहर ते असर बाजार, दलाल आणि वसुली, असरनंतर रोजमेळ जुळवणे. मगरिबनंतर नवे काम घ्यायचे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ माहीत झाली की तेही त्याच वेळेला येतात.

चौथा, सरकारी तारखांची वाट पाहायची नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे. दरमहा विवरण भरणाऱ्याला विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. महिन्याची बिले दहा तारखेच्या रात्री गोळा करणारा स्वतः जागतो आणि हिशेबनिसालाही जागवतो. बिल चढले नाही तर खरेदीदाराला कराची वजावट मिळत नाही आणि तो आपले पैसे अडवतो. रोजची बिले रोज चढवली तर हे काम दहा मिनिटांचे आहे.

पाचवा, माल आल्याची तारीख लिहायचीच. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. माल घेतल्याची तारीखच नोंदलेली नसेल तर दिवस मोजणार कसे? मागवाल्या बंधूंनीही उद्यम नोंदणी करून घ्यावी आणि चलनावर तारखेसह सही घ्यावी. त्यांच्या फेऱ्या वाचतील.

यासाठी संगणक हवाच असे नाही. साधी वही चालते. मुलगा किंवा दुकानातला पोरगा शिकलेला असेल तर रोजमेळ त्याच्याकडे द्या, आपण फक्त असरनंतर तपासा. सर्व काम स्वतःच्या हातात ठेवणे ही हुशारी नव्हे. मालक आजारी पडला की अशी पेढी बंद पडते.

सुरुवातीचे पंधरा दिवस जड जातात. पुढे सवय होते. रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर होऊ लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की बरकत फक्त गल्ल्यात नसते, वेळेतही असते. अल्लाह आपणा सर्वांना हिशेब स्वच्छ ठेवण्याची तौफिक देवो.