तापवलं की आवळणारं कापड

तापवलं की पदार्थ प्रसरण पावतात, हे आपण शाळेतच घोकलेलं असतं. गिटारच्या स्पीकर कॅबिनेटला नवं ग्रिल क्लॉथ लावणारा कारागीर मात्र शेवटी हीट गन उचलतो आणि कापडावरून गरम हवा फिरवतो. कशासाठी, तर कापड घट्ट व्हावं म्हणून! आणि ते होतंही. हातानं ओढून न गेलेली सुरकुती डोळ्यांदेखत नाहीशी होते.

मुळात हे कापड तिथं विचित्र नोकरी करतं. स्पीकरचा कागदी कोन बोटांपासून, बुटांपासून जपायचा, पण आवाज अडवायचा नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा. त्याची ध्वनिलहर चार मीटरहून लांब. ५००० हर्ट्झच्या तीक्ष्ण स्वराचीसुद्धा सात सेंटिमीटरच्या आसपास. विणीतली भोकं मात्र अगदी बारीक. मग लहर पार होते कशी? ती भोकातून घुसत नाहीच. प्रत्येक भोकातली चिमूटभर हवा किंचित मागेपुढे हलते, पुढच्या हवेला हलवते, बस्स. म्हणून कापड निवडताना त्याला तोंड लावून फुंकर मारावी. सहज आरपार गेली तर आवाजही जाईल. पडद्याचं दाट कापड उंच स्वर खाऊन टाकतं.

नजरेला मात्र थोपवायचं असतं. त्यासाठी स्पीकर ज्या फळीवर बसवतात ती आधी काळी रंगवतात. मागं अंधार असला की डोळा पुढच्या उजळ धाग्यांवरच थांबतो.

कापड उलटं पसरून, ते ज्यावर ताणायचं ती चौकट त्यावर ठेवायची, कडा मागं दुमडून स्टेपल मारायचे. पहिला स्टेपल एका बाजूच्या मधोमध, दुसरा बरोबर समोर, मग दोन्हीकडून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यातून सुरुवात केली तर सगळा ढिलेपणा पलीकडच्या कोपऱ्यात गोळा होतो आणि नक्षी वाकते. व्हॉक्स कंपनीच्या कापडावरच्या चौकटीदार नक्षीत तर एक ओळ कलली तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. धागे कडेला समांतर ठेवण्यात लागणारा वेळ वाया जात नाही, असं माझं मत.

आता ती उष्णता. ग्रिल क्लॉथच्या अनेक प्रकारांत प्लॅस्टिकचा धागा असतो. तो बनवताना खेचून लांब करतात. त्यातले साखळीसारखे रेणू सरळ होतात आणि थंड झाल्यावर त्याच अवस्थेत अडकून पडतात. गरम हवा लागली की त्यांना हालचालीची मोकळीक मिळते आणि इस्त्रीनं सरळ केलेले कुरळे केस दमट हवेत पुन्हा वळणावर जावेत तसे ते गुंडाळू लागतात. धागा आखडतो. सुती कापडावर ही युक्ती चालत नाही.

ताणलेल्या रबराचंही असंच. इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गॉफ यांनी १८०५ साली हे नोंदवलं. देवीच्या आजारानं लहानपणीच दृष्टी गेलेल्या या माणसानं रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली, तेव्हा ती गरम लागली. आणि वजन टांगलेलं रबर तापवलं तर ते लांबण्याऐवजी आखडतं, हेही त्यांनी पाहिलं. अर्धशतकानं जेम्स जूल यांनी त्यावर नेमकी मोजमापं केली. रेणूंच्या लांब साखळ्यांची कल्पना यायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

हीट गन एका जागी धरून ठेवू नये. प्लॅस्टिक आखडतं तसं वितळतंही. सतत फिरती ठेवावी, मधूनमधून तळहातानं ताण चाचपावा. मग चौकट बसवून जाड तार मोठ्या आवाजात छेडावी. कुठं फरफर ऐकू आली, तर ते कापड अजून ढिलं आहे किंवा एखादा स्टेपल नीट बसलेला नाही. बोटानं कापड दाबून बघितलं की जागा सापडते.