Explained: सरकारी रोखे विकणारे सरकारच बेकायदा ठरले तर?

अंधेरी असो वा मुलुंड, रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’वरून आता घरबसल्या सरकारी रोखे घेता येतात. पण विकणाऱ्या सरकारलाच तो अधिकार नसेल तर?

काय होते प्रकरण?
१८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच युद्धात, जानेवारी १८६५ मध्ये, फुटून निघालेल्या टेक्सासने तिजोरीतील अमेरिकी सरकारचे रोखे व्हाइट आणि चाइल्स यांना देऊ केले. बदल्यात कापूस पिंजण्याचे साहित्य व औषधे मिळणार होती. युद्धानंतर राज्याने रोखे परत मागितले.

निकाल काय लागला?
१८६९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फुटून निघणेच घटनाबाह्य. म्हणून बंडाला मदत करणारा हा व्यवहारही रद्द.

बंडखोरांच्या स्वतःच्या रोख्यांचे काय?
त्यांनी १८६३ मध्ये कापसाच्या हमीवर युरोपात रोखे विकले होते. १८६८ च्या १४व्या घटनादुरुस्तीने बंडासाठी काढलेली सगळी कर्जे बेकायदा ठरवली. पैसे बुडाले.

मुंबईला काय फटका बसला?
युद्ध संपताच कापूस कोसळला, शेअरचा फुगा फुटला. बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

थोडक्यात काय?
व्याजदर नंतर बघा. आधी बघा, हमी कोणाची आणि विकणाऱ्याला अधिकार आहे का.