वांशिक साचेबंद समज : बुद्धी व क्रीडाक्षमता

एखाद्या मानवसमूहाच्या नावावरून त्यातील प्रत्येक व्यक्तीची बुद्धी व शारीरिक क्षमता आधीच ठरवून टाकणाऱ्या ठोकळेबाज कल्पनांना वांशिक साचेबंद समज म्हणतात. या समजांत बहुधा एका समूहाच्या वाट्याला बुद्धी व दुसऱ्याच्या वाट्याला बळ येते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांविषयी असे समज रूढ आहेत. महाराष्ट्रातील आदिवासी जमाती हे जीवशास्त्रीय दृष्ट्या वेगळे वंश नव्हेत. तथापि त्यांच्याविषयीच्या समजांची घडण अशीच आहे. कुमारवयात मुले स्वतःची ओळख शोधीत असल्यामुळे त्यांवर या समजांचा परिणाम विशेष होतो.

घोटी (ता. इगतपुरी, जि. नासिक) हे मुंबई–आग्रा मार्गावरील भाताच्या व्यापाराचे गाव. भोवतालच्या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर, कातकरी इ. जमातींची वस्ती आहे. अशा बाजारगावाच्या शाळेत पाड्यांवरची व पेठेतली मुले एकत्र येतात आणि ‘आदिवासी मूल काटक, धावण्यात पटाईत, पण गणितात कच्चे’ हा समज सहज रुजू शकतो. वरकरणी ही स्तुती वाटते. परंतु तिच्या पोटातच बुद्धीचा नकार दडलेला असतो. धावण्यातील यश ‘रक्तातले’ मानल्याने त्यामागील सराव दिसेनासा होतो. तसेच अभ्यासातील अपयशही ‘रक्तातले’ ठरल्याने घरची बोली व पाठ्यपुस्तकाची भाषा यांतील अंतर, मजुरीसाठी होणारे कुटुंबाचे स्थलांतर इ. खरी कारणे नजरेआड होतात.

अशा कल्पनांना वासाहतिक काळात शास्त्राचा व कायद्याचा आधार देण्यात आला. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हर्बर्ट रिझ्ली याने नाकाच्या मापांवरून जाती-जमातींची प्रतवारी केली. वंशांमध्ये जन्मजात बौद्धिक भेद असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे युनेस्कोच्या १९५० च्या निवेदनाने स्पष्ट केले.

नासिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत हिने २०१० मध्ये दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक व आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. तिच्या यशाचा दाखला या समजाच्या पुष्ट्यर्थ देणे चुकीचे ठरते. त्याच डोंगरांत वाढलेली बहुसंख्य मुले आंतरराष्ट्रीय धावपटू होत नाहीत. वर्षानुवर्षांचा सराव व नासिक येथे विजेंद्र सिंग यांच्याकडून मिळालेले प्रशिक्षण यांचा तिच्या यशात मोठा वाटा आहे.

समजाचा प्रत्यक्ष कामगिरीवर होणारा परिणाम कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांवरील प्रयोगात तपासला (२००४). जात जाहीर न करता वाट शोधण्याची कोडी सोडवावयास दिली असता तथाकथित उच्च व निम्न जातींच्या मुलांत लक्षणीय फरक आढळला नाही. जात जाहीर केल्यावर मात्र निम्न मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. क्लॉड स्टील व जोशुआ ॲरन्सन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत असाच निष्कर्ष काढला होता (१९९५). पुढील फेरतपासण्यांत या परिणामाची तीव्रता सर्वत्र सारखी आढळली नाही.

यावरून शाळांनी घ्यावयाची दक्षता स्पष्ट होते. शिष्यवृत्ती इ. कामांसाठी जमातीची नोंद आवश्यक असली, तरी भर वर्गात तिचा उच्चार टाळता येतो. आदिवासी मुलास मैदान जितक्या सहजतेने दिले जाते, तितक्याच सहजतेने त्याला गणिताची स्पर्धा व प्रयोगशाळाही खुली असावी. आणि त्याला धावण्याची आवड नसेल, तर तेही स्वाभाविक मानले जावे.